तीन मिलिलिटरची कुपी आणि पाच किलोचं गिधाड

वाचक विचारतात

गिधाडांबद्दल आलेल्या पत्रांमधली काही निवडक पत्रं इथे घेतली आहेत. बऱ्याच जणांचा रोख एकाच गोष्टीवर आहे: संशोधन शास्त्रज्ञ करतात, कायदा सरकार करतं, मग मध्ये निसर्गसंस्था नेमकं काय करते? गिधाडांच्या प्रकरणात याचं उत्तर कागदोपत्री सापडतं, म्हणून या वेळी दुसरा विषय घेतलेला नाही.

गिधाडं का मेली ते बीएनएचएसने शोधलं असं काही ठिकाणी वाचलं, तर काही ठिकाणी ते पाकिस्तानात सापडलं असं वाचलं. खरं काय?
— निवृत्त शिक्षक, सातारा

दोन्ही खरं आहे, पण दोन्ही अर्धं. गिधाडं कमी होत आहेत हे भारतात कळलं. ती कशाने मरतात हे पाकिस्तानात कळलं. त्यांच्यासाठी सुरक्षित औषध कोणतं, हे आधी दक्षिण आफ्रिकेत आणि मग हरियाणात सिद्ध झालं.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, म्हणजेच बीएनएचएस, १८८३ची. तिचे डॉ. विभू प्रकाश भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात शिकारी पक्ष्यांवर काम करत होते. तिथे १९८७-८८ साली पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची ३५३ घरटी होती. १९९६-९७ साली ती दीडशेच्या आसपास आली आणि पुढच्या काही वर्षांत तिथली वसाहतच संपली. पण एका उद्यानातून पक्षी गेले म्हणजे देशातून गेले असं होत नाही. ते दुसरीकडेही गेले असतील. ही शंका फिटली ती एका जुन्या कामामुळे. संस्थेने १९९१ ते १९९३ या काळात देशभर गाडीने ठरावीक रस्त्यांवरून फिरून सगळ्या शिकारी पक्ष्यांची गणना केली होती. ती काही गिधाडांसाठी केलेली नव्हती. २००० साली तेच रस्ते, तीच पद्धत आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंचं तेच पाचशे मीटरचं अंतर ठेवून पुन्हा मोजणी झाली आणि घसरण आकड्यांत दिसली. पुढे २००७ पर्यंतचा हिशेब लागला तो असा: पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२च्या तुलनेत हजारी एक उरली. लांब चोचीची आणि निमुळत्या चोचीची मिळून शंभरी तीनच्या जरा वर.

सुरुवातीला संशय साथीच्या रोगावर होता. आजारी पक्षी मान टाकून बसत, त्यामुळे विषाणू असावा असं वाटणं स्वाभाविक होतं. भारतात आणि इंग्लंडमध्ये त्या दिशेने बराच शोध झाला, पण काही हाती लागलं नाही. पाकिस्तानी पंजाबात पेरेग्रिन फंड या अमेरिकी संस्थेचे लोक तिथल्या पक्षीसंस्थेबरोबर मेलेली गिधाडं उघडून पाहत होते. बहुतेकांच्या काळजावर आणि यकृतावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर दिसत होता. हा युरिक आम्लाचा थर असतो आणि मूत्रपिंड बंद पडल्याची ती खूण. अशा २५ पक्ष्यांच्या अवयवांत डायक्लोफेनॅक हे गुरांना दिलं जाणारं वेदनाशामक शोधलं, तर ते पंचवीसच्या पंचवीसांत मिळालं. थर नसलेल्या १३ पक्ष्यांत एकातही नाही. २००४ साली हे प्रसिद्ध झालं. इतका स्वच्छ निकाल निसर्गविज्ञानात क्वचितच मिळतो.

विद्यापीठाला जमणार नाही असं यात काय आहे, तर चिकाटी. प्रकल्पाचा निधी तीन वर्षांत संपतो, आणि त्याच रस्त्यावर दहा वर्षांनी पुन्हा जायला कुणी उरलेलं नसतं. संस्थेकडे जुनी वही असते आणि ती वही वाचता येणारा माणूस असतो.

गाईला दिलेलं औषध गाईला बरं करतं, मग गिधाडाला कसं मारतं? आणि मोजक्याच जनावरांना इंजेक्शन देत असतील तर एवढी गिधाडं कशी मेली?
— बारावीची विद्यार्थिनी, परभणी

गाईच्या शरीरातून ते औषध काही दिवसांत निघून जातं. गिधाडाला ते तितक्या वेगाने बाहेर टाकता येत नाही. त्याची मूत्रपिंडं निकामी होतात, युरिक आम्ल रक्तात साठतं आणि काही दिवसांत पक्षी मरतो. वजनाच्या दर किलोमागे ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम एवढ्या मात्रेत निम्मे पक्षी दगावतात. म्हणजे पाच किलोच्या गिधाडाला अर्धा ते एक मिलिग्रॅम पुरतो.

दुसरा प्रश्न फार चांगला आहे. गिधाडं एकेकटी जेवत नाहीत. एका ढोरावर पन्नास-शंभर उतरतात, त्यामुळे एक विषारी जनावर एका दुपारी अख्खा थवा संपवू शकतं. त्यात मादी वर्षाला एकच अंडं घालते, तेही साधारण पाचव्या वर्षापासून. अशा पक्ष्याची संख्या टिकते ती मोठे पक्षी वर्षानुवर्षं जगल्यामुळे. गणिती अंदाज असा निघाला की शंभर मृत जनावरांत एकाहूनही कमी विषारी असलं, तरी दिसलेली सगळी घसरण घडू शकते. २००४-०५ साली वेगवेगळ्या राज्यांत मेलेल्या गुरांच्या यकृताचे तुकडे तपासले, तेव्हा औषध सापडलं ते सुमारे दहा टक्क्यांत.

एखाद्या औषधावर बंदी येते ती नेमकी कोणत्या वाटेने? पक्ष्यांसाठी औषध खातं कायदा बदलतं हे पटत नाही.
— स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा, पुणे

न पटण्यासारखंच आहे, आणि म्हणून तर वेळ लागला. पक्षी वन व पर्यावरण मंत्रालयाचे, औषध आरोग्य मंत्रालयाचं आणि गाय पशुसंवर्धनाची. तिघांच्या फायली एकमेकींना भेटत नाहीत. त्या भेटवून देणं, हे या प्रकरणात संस्थेने केलेलं सर्वात कष्टाचं काम.

क्रम असा आहे. मार्च २००५ मध्ये पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय वन्यजीव मंडळाने जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद करण्याची शिफारस केली. तरी प्रत्यक्ष आदेश निघेपर्यंत वर्ष गेलं. औषध खात्याचा सवाल रास्त होता: हे काढून घेतलं तर शेतकऱ्याने गाईला द्यायचं काय? त्याचं उत्तर तयार ठेवणं हा संशोधनाचा दुसरा भाग. मेलॉक्सिकॅम या औषधाची चाचणी आधी दक्षिण आफ्रिकेत झाली, तीही तिथल्या तुलनेने विपुल असलेल्या आफ्रिकी गिधाडांवर. आपल्याकडचे मोजके पक्षी प्रयोगात गमावणं परवडणारं नव्हतं. कमी मात्रेपासून सुरुवात करून मात्रा वाढवत नेली, मग औषध दिलेल्या गाईचं मांस खाऊ घातलं. पक्षी ठणठणीत राहिले, तेव्हा हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रात इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या सहकार्याने आपल्या जातींवर तपासणी झाली. आफ्रिकेतले निकाल २००६च्या सुरुवातीला प्रसिद्ध झाले आणि मे २००६ मध्ये भारताच्या औषध महानियंत्रकांनी जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकचे परवाने मागे घ्यायला सांगितलं. राजपत्रातली पक्की अधिसूचना २००८ची. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० मधलं कलम २६अ केंद्र सरकारला हा अधिकार देतं.

परीक्षेसाठी एवढं ध्यानात ठेवा: पर्याय हातात नसताना मागितलेली बंदी टेबलावरच राहते. पुढे असेक्लोफेनॅक आणि केटोप्रोफेन यांच्यावर जनावरांपुरती बंदी आली ती जुलै २०२३ मध्ये, आणि २०२४च्या अखेरीस निमेसुलाइडवर. असेक्लोफेनॅकचं तर गाईच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफेनॅकच होतं, हे बंदीच्या कितीतरी आधी सिद्ध झालं होतं. पहिल्या औषधाला बंदीपर्यंत यायला दोन-सव्वादोन वर्षं पुरली, तर पुढच्या औषधांना त्याहून कितीतरी जास्त लागली. पहिल्या वेळी मंडळाची शिफारस वरून आली होती, हे त्यामागचं एक उघड कारण.

बंदी आहे म्हणता, पण आमच्या तालुक्याच्या मेडिकलमध्ये डायक्लोफेनॅक राजरोस मिळतं.
— पशुधन पर्यवेक्षक, जि. अहिल्यानगर

मिळणारच. माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी नाही, आणि ती असावी असं आम्हीही म्हणत नाही. खरी अडचण बाटलीच्या आकाराची होती.

तीनशे किलोची गाय धरा. जनावरांसाठी पूर्वी धरली जाणारी मात्रा किलोमागे अडीच मिलिग्रॅम, म्हणजे एका वेळी ७५० मिलिग्रॅम. माणसांच्या इंजेक्शनमध्ये एका मिलिलिटरला २५ मिलिग्रॅम औषध असतं. भागाकार केला की ३० मिलिलिटर येतात. आणि बाजारात माणसांसाठी बाटली मिळत होती ती नेमकी ३० मिलिलिटरचीच! माणसाला एका वेळी लागतात तीन मिलिलिटर. दहा माणसांना एकाच बाटलीतून टोचण्याची सोय कुणासाठी होती, हे सांगायला नको. बंदीनंतर २००७ ते २०१० या काळात ११ राज्यांतल्या अडीचशेहून अधिक औषध दुकानांत गिऱ्हाईक बनून विचारणा केली गेली, तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त दुकानांत डायक्लोफेनॅक होतं. चांगली गोष्ट इतकी की मेलॉक्सिकॅम त्याहून कितीतरी जास्त दुकानांत होतं.

या माहितीवर जुलै २०१५ मध्ये नियम झाला की माणसांचं डायक्लोफेनॅक इंजेक्शन तीन मिलिलिटरच्या एकाच मात्रेच्या कुपीत विकायचं. काही कंपन्या न्यायालयात गेल्या. मद्रास उच्च न्यायालयाने २०१७ साली नियम कायम ठेवला. आता गाईसाठी दहा कुप्या फोडाव्या लागतात, त्यामुळे वेळ आणि पैसा दोन्ही वाढतात. अशक्य काहीच झालं नाही, फक्त किचकट झालं, आणि बाजारात तेवढंही पुरतं.

तुमच्या भागात मोठी बाटली दिसली किंवा माणसांचं औषध गुरांसाठी म्हणून विकलं गेलं, तर कंपनीचं नाव, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, लेबलचा फोटो आणि जमल्यास पक्कं बिल एवढं घेऊन अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात सहायक आयुक्त (औषधे) यांच्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. 'तालुक्यात सर्रास मिळतं' एवढ्याच मजकुराच्या अर्जावर निरीक्षकाला काही करता येत नाही. बॅच क्रमांक असला की माल कुठून आला ते शोधता येतं.

गाय आजारी पडली तर द्यायचं काय मग? नावं सांगा.
— शेतकरी, ता. म्हसळा

मेलॉक्सिकॅम आणि टोलफेनॅमिक ॲसिड. ही दोन गिधाडांना सुरक्षित ठरली आहेत आणि गाईच्या ताप-सुजेवर चालतात. किती द्यायचं ते डॉक्टरांनी ठरवायचं. नको ती नावं: डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, केटोप्रोफेन, निमेसुलाइड. फ्लुनिक्सिन आणि कारप्रोफेन यांच्यावर बंदी नसली तरी तीही गिधाडांना घातक आहेत. दुकानदार कंपनीचं नाव सांगतो आणि ती नावं एकमेकांसारखी असतात, म्हणून बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. काही बाटल्यांत दोन औषधं एकत्र असतात. घरी आलेल्या माणसाने इंजेक्शन मारलं तर रिकामी बाटली ठेवून घ्या. दुर्दैवाने जनावर दगावलंच, तर ती बाटलीच सांगेल की ते उघड्यावर टाकायचं की पुरायचं. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा क्रमांक आहे.

'गिधाड सुरक्षित क्षेत्र' म्हणजे अभयारण्यच का? आमच्या जमिनीवर निर्बंध येणार का?
— ग्रामपंचायत सदस्य, जि. गडचिरोली

नाही. सातबाऱ्यावर काहीही येत नाही. गिधाडांच्या घरट्यांभोवती शंभर किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ कल्पायचं, म्हणजे तीस हजार चौरस किलोमीटरहून थोडं जास्त. त्या वर्तुळात घातक औषधं शून्यावर आणायची. एवढंच त्याचं स्वरूप. २०११ साली आशियातल्या गिधाडांसाठी अनेक संस्थांनी मिळून 'सेव्ह' नावाची आघाडी उभी केली, तिच्या कामाचा हा मुख्य भाग.

काम जंगलात कमी आणि औषध दुकानांत, दवाखान्यांत आणि गोशाळांत जास्त असतं. गोशाळा विशेष महत्त्वाच्या. तिथे म्हातारी, दुखरी जनावरं असतात, वेदनाशामकं जास्त वापरली जातात आणि मेलेलं जनावर बऱ्याचदा उघड्यावर जातं.

इथे एक चूक वारंवार होते. तीस मृत जनावरांचे नमुने तपासून 'एकातही औषध नाही, क्षेत्र सुरक्षित' असं पत्रक काढलं जातं. संख्याशास्त्राचा साधा नियम आहे: नमुन्यांत शून्य सापडलं, तर तीनला नमुन्यांच्या संख्येने भागा. खरं प्रमाण तेवढं असू शकतं. तीस नमुन्यांत शून्य म्हणजे प्रत्यक्षात दहा टक्क्यांपर्यंत विष असणं शक्य आहे. एक टक्क्याच्या आत आहे म्हणायला तीनशे नमुने लागतात. वर सांगितलं तसं गिधाडांना एक टक्कासुद्धा जास्तच होतो. म्हणून घाईने जाहीर केलेल्या सुरक्षित क्षेत्राबद्दल आमचं मत चांगलं नाही.

वर्तुळाची दुसरी मर्यादा पक्षीच दाखवून देतात. जानेवारी २०२४ मध्ये पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून दहा पांढऱ्या पाठीची गिधाडं ताडोबाला आणि दहा लांब चोचीची पेंचला आणली, काही महिने मोठ्या पिंजऱ्यांत ठेवली आणि मागोवा घेणारी यंत्रं बसवून सोडली. ताडोबातलं एक थेट तमिळनाडूपर्यंत गेलं. आपलं वर्तुळ कितीही चोख असलं तरी पक्षी शेजारच्या वर्तुळात जेवतो. त्यामुळे देशभर लागू असणाऱ्या बंदीची जागा स्थानिक मोहीम घेऊ शकत नाही.

आमचा पाच-सहा जणांचा गट आठ वर्षं कड्यावरची घरटी मोजतो आहे. या नोंदी धोरणापर्यंत कशा पोहोचतील?
— निसर्गमित्र गट, नाशिक जिल्हा

आठ वर्षं म्हणजे मोठी ठेव आहे. ती कामी येईल की नाही हे मात्र नोंद कशी केली त्यावर ठरतं.

लांब चोचीच्या गिधाडांसाठी हंगामात किमान तीन फेऱ्या हव्यात. पहिली डिसेंबरच्या आसपास, पक्षी अंड्यावर बसलेले असताना. दुसरी फेब्रुवारीत, पिल्लू दिसू लागल्यावर. तिसरी एप्रिलच्या सुमारास, पिल्लू उडण्याच्या बेतात असताना. प्रत्येक फेरीत तीच जागा, तीच दुर्बीण आणि शक्यतो तोच माणूस. कड्याचा समोरून फोटो काढून छापा, त्यावर प्रत्येक घरट्याला क्रमांक द्या आणि तो क्रमांक पुढल्या वर्षीही तोच ठेवा. नोंद तीन शब्दांत भागते: 'पक्षी बसलेला', 'पिल्लू दिसलं', 'पिल्लू उडालं'. कड्यावर नुसती पांढरी विष्ठा दिसली म्हणून घरटं चालू धरू नका. ती गेल्या वर्षीचीही असते.

चुका बहुधा याच: पहिली फेरी उशिरा होते. फेब्रुवारीत प्रथम गेलात, तर जानेवारीत फसलेली घरटी यादीत येतच नाहीत. मग दहापैकी नऊ यशस्वी, असा आनंददायक आणि खोटा आकडा निघतो. दुसरी चूक, काहीच न दिसलेल्या फेरीची नोंदच ठेवली जात नाही. शून्य हीसुद्धा नोंद आहे, किंबहुना घसरण कळते ती शून्यांमुळेच. तिसरी चूक, 'अंदाजे ५०' असं लिहिणं. सत्तेचाळीस दिसले तर सत्तेचाळीस लिहा. आणि कड्याजवळ जाऊन वरून डोकावणं किंवा ड्रोन उडवणं, हे तर करूच नका. गिधाडं वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहेत, आणि अंड्यावरून पक्षी उठला की ते वर्ष वाया जातं.

आता पोहोचवायचं कुठे. पक्ष्यांच्या पूर्ण याद्या ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, पण घरट्याची नेमकी जागा उघड करू नका. देशातल्या पक्ष्यांचा २०२३चा अहवाल १३ संस्थांनी मिळून केला. तो सुमारे तीस हजार पक्षीनिरीक्षकांनी दिलेल्या तीन कोटींहून अधिक नोंदींवर उभा आहे, आणि त्यातले बहुतेक तुमच्यासारखेच हौशी. घरट्यांची तपशीलवार वही मात्र वेगळी ठेवा आणि दर वर्षी जूनमध्ये दोन पानांचा अहवाल उपवनसंरक्षकांना द्या, आवक क्रमांकासह. एक प्रत तालुक्याच्या किंवा गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे ही समिती प्रत्येक स्थानिक संस्थेत असायला हवी आणि लोकजैवविविधता नोंदवही तिनेच ठेवायची आहे. पुष्कळ गावांत ही वही एकदा कुणीतरी भरून दिली आणि कपाटात गेली. तिच्यात तुमचा कडा, घरट्यांची संख्या आणि वर्ष आलं, तर उद्या तिथे पवनचक्क्या किंवा उच्चदाबाची वाहिनी आखली जाईल तेव्हा हरकत घ्यायला सरकारी कागदच हाताशी असेल.

मोठ्या संस्थेला नोंदी द्यायच्या झाल्या तर आधी एक पानी लेखी समजूत करा: मूळ नोंदी कुणाच्या, छापताना नाव कसं येईल, तिसऱ्याला द्यायच्या तर कुणाची परवानगी. हे मागताना संकोच वाटतो, पण सहकार्य मोडतं ते नेमकं याच तीन गोष्टींवरून. चांगली संस्था असा कागद स्वतःहून पुढे करते.

परदेशी पैसा घेणाऱ्या संस्था आपले नमुने बाहेर पाठवतात. हे योग्य आहे का?
— वाचक, कोल्हापूर

शंका घेण्यात गैर नाही. पिंजोरचं केंद्र हरियाणा वन विभाग आणि बीएनएचएस यांनी उभारलं. त्याला ब्रिटिश सरकारच्या डार्विन निधीतून मदत होती, आणि तिथल्या दोन संस्था, आरएसपीबी ही पक्षीसंस्था व झूऑलॉजिकल सोसायटी ऑफ लंडन, संशोधनात सहभागी होत्या. पण गिधाडाचा तुकडा असा सहज बाहेर जात नाही. पक्षी हाताळायला वन्यजीव कायद्याखाली परवानगी लागते. सीमा ओलांडायला वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइटिस कराराचा परवाना लागतो. जैविक नमुना परदेशी संस्थेकडे जात असेल तर जैवविविधता कायदा लागू होतो. संस्था-संस्थांमधल्या मान्य सहकार्य प्रकल्पांना त्यातल्या कलम ५ने सवलत आहे, तीही सरकारी मार्गदर्शक नियमांत बसलं तर. या परवानग्यांत महिने जातात आणि नमुना फ्रीजमध्ये पडून राहतो, ही संशोधकांची जुनी तक्रार. त्यावर खरा उपाय म्हणजे तपासणी इथेच होणं.

आम्ही पैशापेक्षा एक वेगळी गोष्ट बघतो: मूळ आकडे भारतात राहिले का आणि निकाल आधी कुणाला कळवला. गिधाडांच्या कामात निकाल सरकारच्या टेबलावर पोहोचले, हे बंदीनेच दाखवलं आहे.

शेतात गिधाड बसून आहे, उडत नाही. काय करावं?
— वाचक, ता. श्रीवर्धन

१९२६ वर वन विभागाला कळवा. कुत्री आणि बघे लांब ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. खायलाही घालू नका. घाबरलेलं गिधाड ओकतं, त्याने गांगरू नका. मार्च ते मे या काळात नुकतं उडालेलं पिल्लू नुसत्या थकव्याने आणि तहानेनेही खाली बसतं. आजूबाजूला विजेची तार आहे का, जवळ मेलेलं जनावर किंवा मेलेलं कुत्रं आहे का, ते बघून ठेवा. वन कर्मचारी हेच प्रथम विचारतील.

गावात गिधाडांसाठी 'उपाहारगृह' सुरू करायचं आहे. मेलेल्या गिधाडाचा किंवा गाईचा नमुना आम्हीच प्रयोगशाळेत पाठवला तर चालेल का?
— युवक मंडळ, पेठ तालुका

उपाहारगृह, म्हणजे गिधाडांसाठी मेलेली जनावरं ठेवायची जागा, वन विभागाच्या संमतीशिवाय सुरू करू नका. जागा उघडी, विजेच्या तारांपासून आणि रस्त्यापासून दूर, आणि कुत्र्यांसाठी कुंपण हवंच. कुंपण नसेल तर तुम्ही गिधाडांना नव्हे, कुत्र्यांना पोसता. गिधाडं गेल्यावर त्यांची जागा कुठल्या प्राण्याने घेतली आणि रेबीजचं ओझं कसं वाढलं, यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाने गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या पाच वर्षांत देशात सुमारे पाच लाख जादा माणसं दगावल्याचा अंदाज मांडला आहे.

जनावर आलं की मालकाला औषधाचा इतिहास विचारा आणि तो वहीत सहीनिशी लिहा. शेवटच्या आठवड्यात वेदनाशामक दिलं असेल आणि बाटली दाखवता येत नसेल, तर ते पुरायचं. भूल देऊन किंवा इंजेक्शनने मारलेलं जनावर, आणि विषबाधेचा संशय असलेलं जनावर, कधीही ठेवायचं नाही. बिबट्यावर किंवा कुत्र्यांवर विष घातलेलं मांस गिधाडांनाही संपवतं. दुष्काळात जनावरं जास्त येतात तेव्हा वही मागे पडते, आणि घात तिथेच होतो.

नमुन्याबद्दल: मेलेल्या गिधाडाला हात लावायचा नाही. वन विभाग पंचनामा करतो आणि पशुवैद्यक शवविच्छेदन करतात. गाईचं यकृत मालकाच्या संमतीने डॉक्टर घेऊ शकतात. काडेपेटीएवढा तुकडा, स्वच्छ प्लास्टिकच्या डबीत, वर तारीख, गाव, जनावराचं वय आणि मरणाचं कारण. डबी लगेच बर्फात आणि शक्य तितक्या लवकर उणे वीस अंशांच्या फ्रीजरमध्ये. घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा वीज गेली की पाघळतो, म्हणून दवाखान्याचा फ्रीजर बरा. फॉर्मलिनमध्ये टाकलेला तुकडा पेशी पाहायला चालतो, औषध शोधायला चालत नाही. दोन्ही तपासण्या हव्या असतील तर दोन डब्या करा आणि कुठल्या डबीत काय ते झाकणावर नव्हे, डबीच्या अंगावर लिहा. झाकणं बदलतात.